ॲलन ट्युरिंग : कागदावर बुद्धिबळ खेळणारे यंत्र

दर २ ऑगस्टला आपण सिल्वासात मुक्तिदिन साजरा करतो. १९५४ सालच्या त्या दिवसाच्या बरोबर आठ आठवडे आधी, ७ जूनला, इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या विल्म्स्लो येथे ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाचे राहत्या घरी निधन झाले. वय अवघे ४१. आज आपली नातवंडे मोबाइलवर ज्या यंत्राशी बुद्धिबळ खेळून हरतात, त्याचा पाया घालणाऱ्यांत ट्युरिंग अग्रभागी होते. आम्ही वाणिज्य शाखेचे, बँकेतले. संगणकशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. पण त्यांच्या एका कामाविषयी वाचताना आमचे लेजरचे दिवस आठवले, म्हणून हा परिचय.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील भारतात सनदी नोकर. त्यांची नेमणूक तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, छत्रपूरला होती. आजोळही मद्रासकडचे, आईचे वडील तिथल्या रेल्वेत मोठे इंजिनिअर. मुलांना इथली हवा सोसणार नाही म्हणून ॲलन आणि थोरला भाऊ जॉन यांना इंग्लंडमध्येच एका निवृत्त लष्करी जोडप्याकडे ठेवले होते. त्यामुळे ट्युरिंग यांचे बालपण बरेचसे आईवडिलांवाचून गेले.

केंब्रिजला असताना, १९३६ साली, त्यांनी एक प्रबंध लिहिला. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. हा माणूस कागद, पेन्सिल आणि ठरलेले नियम घेऊन जे काही करतो, ते सगळे एक यंत्र करू शकेल, असे त्यांनी मांडले. आजच्या संगणकाचे मूळ या विचारात आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे एनिग्मा यंत्रावरचे गुप्त संदेश उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ब्रिटनचे नामवंत बुद्धिबळपटू ह्यू अलेक्झांडर तिथे त्यांचे सहकारी होते. ट्युरिंग स्वतः मात्र साधारणच खेळत. यंत्राला बुद्धिबळ कसे शिकवावे, याच्या चर्चा तिथेच सुरू झाल्या.

१९४८ साली डेव्हिड चॅम्परनाउन या मित्राबरोबर त्यांनी त्यासाठी नियम तयार केले. प्रत्येक मोहऱ्याला भाव ठरवला : प्यादे १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५, वजीर १०. आपली शक्य ती प्रत्येक चाल आणि तिला समोरच्याचे प्रत्येक उत्तर तपासायचे, मारामारी सुरू असेल तर ती संपेपर्यंत पुढे पाहायचे आणि शेवटी ज्या चालीत शिल्लक जास्त, ती करायची. राजा किती सुरक्षित, मोहऱ्यांना फिरायला घरे किती, यालाही थोडे गुण होते.

नियम तयार झाले, पण ते चालवील असे यंत्र हाताशी नव्हते. तेव्हा १९५२ साली ट्युरिंग स्वतःच यंत्र झाले. समोर ॲलिक ग्लेनी हे सहकारी बसले. प्रत्येक चालीसाठी कागदावर सुमारे अर्धा तास आकडेमोड. आपल्याला दुसरी चाल बरी वाटली तरी कागद सांगेल तीच खेळायची. २९व्या चालीला वजीर अडकला आणि कागदी यंत्राने हार मानली.

हे वाचून आम्हाला बचत खात्याचे व्याज आठवले. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक पाहून आम्ही हाताने व्याज काढत असू. एखाद्याने ११ तारखेला मोठी रक्कम भरली, तर तिच्यावर त्या महिन्याचे व्याज नाही. वाईट वाटे, पण लेजरपुढे बसलेल्याला मनाने काही करता येत नसे. नियम कुठे थांबतो आणि समज कुठे सुरू होते, हाच प्रश्न ट्युरिंग यांनी आयुष्यभर तपासला.

त्याच १९५२ साली त्यांच्या घरी चोरी झाली. ती त्यांनीच पोलिसांना कळवली. चौकशीत त्यांचे एका पुरुषाशी असलेले संबंध उघड झाले. तेव्हा ब्रिटनमध्ये तो गुन्हा होता. तुरुंग किंवा संप्रेरकांचे उपचार, असे दोनच पर्याय होते. त्यांनी उपचार पत्करले. सरकारचे गुप्त काम बंद झाले. दोन वर्षांनी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला आणि चौकशीअंती ती आत्महत्या ठरवली गेली. ज्यांचे प्राण या माणसाच्या कामामुळे वाचले, त्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. ब्लेचलीचे काम पुढे १९७०च्या दशकात उजेडात आले. इंग्रजांनी तसाच कायदा आपल्याकडेही आणला होता. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वगळले, ते २०१८ साली.

२००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने शिक्षा माफ केली. २३ जून २०२१ रोजी, त्यांच्या वाढदिवशी, बँक ऑफ इंग्लंडने त्यांचे चित्र असलेली ५० पौंडांची नोट चलनात आणली. उभा जन्म नोटा मोजण्यात गेलेल्या आमच्यासारख्याला या मानाची किंमत कळते. पण ज्याच्या हाती ती पडायला हवी होती, तो जाऊन तेव्हा ६७ वर्षे झाली होती.

नातू मोबाइलशी हरून रुसला, तर त्याला एवढे जरूर सांगावे : या यंत्राचा पणजोबा कागदाचा होता आणि माणसाकडून हरला होता.