शूर मुलांच्या गोष्टींचे लेखक : जॉर्ज हेंटी



रंगीत कापडी बांधणी आणि मुखपृष्ठावर तलवार उपसलेला नाहीतर जहाजाच्या डोलकाठीवर चढलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, असे एखादे जुने इंग्रजी पुस्तक तुमच्यापैकी कुणाच्या पणजोबांच्या कपाटात अजूनही सापडेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या शाळा हुशार मुलांना अशी पुस्तके बक्षीस देत, आणि ती तिथून आपल्याकडेही येत. त्यांतली कितीतरी एकाच लेखकाची असत. जॉर्ज आल्फ्रेड हेंटी हे त्यांचे नाव. त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतल्या एकात तर आपले पुणे, जुन्नर, शिंदे, होळकर, नाना फडणवीस सगळे आहेत. म्हणूनच या अंकासाठी आम्ही त्यांची निवड केली.

हेंटी यांचा जन्म ८ डिसेंबर १८३२ रोजी केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टन या गावी झाला. धाडसाच्या गोष्टी लिहिणारा हा माणूस लहानपणी सतत आजारी असे. खेळायच्या वयातले कितीतरी दिवस अंथरुणात गेले आणि सोबतीला पुस्तके होती. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत गेल्यावर हा मुलगा कविता करतो हे इतरांना कळले, आणि मग विचारू नका! मुलांनी त्यांना इतके छळले की ते मुष्टियुद्ध शिकले. त्यातून शरीर कमावले ते कायमचे. मोठेपणी ते चांगले धिप्पाड, भरघोस दाढीचे गृहस्थ झाले.

केंब्रिजला शिकत असताना रशियाशी क्रिमियाचे युद्ध पेटले. हेंटी शिक्षण अर्धवट टाकून गेले, पण बंदूक घेऊन नव्हे. लष्करी इस्पितळांना सामान पुरवणाऱ्या खात्यात त्यांना काम मिळाले. तिथे त्यांनी जे पाहिले ते कोणत्याही गोष्टीच्या पुस्तकात शोभण्यासारखे नव्हते. सैनिक गोळीपेक्षा थंडीने आणि रोगाने जास्त मरत होते. त्यांच्याबरोबर गेलेला सख्खा भाऊ फ्रेडरिक पटकीने गेला. हेंटी वडिलांना जी पत्रे लिहीत ती वडिलांनी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन दाखवली आणि संपादकांनी ती छापली. त्यांच्या लेखनाची सुरुवात ही अशी झाली.

१८६५ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. पदरी दोन मुलगे आणि दोन मुली. त्याच सुमारास ते लंडनच्या 'स्टँडर्ड' या दैनिकाचे युद्ध-वार्ताहर झाले आणि पुढची दहा-अकरा वर्षे एका रणांगणावरून दुसऱ्या रणांगणावर फिरत राहिले. इटलीत गॅरिबाल्डीची मोहीम पाहिली. १८६८ साली मुंबई इलाख्याच्या फौजा जनरल नेपियरच्या हाताखाली अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, चालून गेल्या, तेव्हा मॅग्डालाच्या डोंगरी किल्ल्यापर्यंत तेही गेले. त्यानंतर जर्मनी-फ्रान्सचे युद्ध, पॅरिसमधला १८७१ चा उठाव, पश्चिम आफ्रिकेतली अशांटींवरची स्वारी. पायपीट, ताप, उपासमार, सगळे झाले.

घरी असले की रात्री जेवणानंतर ते मुलांना गोष्ट सांगत. अशाच एका गोष्टीतून त्यांचे मुलांसाठीचे पहिले पुस्तक झाले. दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ माळावर जाऊन राहणाऱ्या एका कुटुंबाची ती गोष्ट. त्यातल्या भावंडांची नावे चार्ल्स, ह्यूबर्ट, मॉड आणि एथेल, म्हणजे हेंटींच्या स्वतःच्याच मुलांची! त्या गोष्टीत मुलीही बंदूक चालवायला शिकतात. पुढच्या पुस्तकांत मात्र मुली मागे पडल्या आणि नायक बहुधा मुलगाच राहिला. आमच्या वाचक विद्यार्थिनींनी याबद्दल त्यांच्यावर रागवावे, आमची हरकत नाही.

लिहिण्याची त्यांची पद्धत मजेशीर होती. विषय ठरला की वाचनालयातून त्या काळावरची इतिहासाची पुस्तके मागवायची, ती वाचून काढायची आणि मग कोचावर पडून, पाइप ओढत, लेखनिकाला गोष्ट सांगत सुटायचे. वर्षाला तीन-चार पुस्तके अशी तयार होत. ठरीव साचा असे: एक धीट, खरे बोलणारा मुलगा, नौदलात किंवा पलटणीत शिरतो, संकटे येतात, तो निभावून नेतो, शेवटी बढती. पण त्या साच्यात लढायांच्या तारखा, सेनापती, वाटा, किल्ले हे सगळे नीट बसवलेले असे. कित्येक इंग्रज मुले इतिहास शिकली ती हेंटींकडूनच.

आता आपल्याकडे वळू. १८७५ साली इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा हेंटी वार्ताहर म्हणून बरोबर होते. नोव्हेंबरमध्ये युवराज आपल्या बडोद्यालाही आले. गादीवर नुकतेच बसलेले सयाजीराव महाराज तेव्हा बारा वर्षांचे होते, हेंटींच्या बहुतेक नायकांपेक्षा लहान! कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या या मुलावर एखादी साहसकथा सहज झाली असती. हेंटींनी ती लिहिली नाही.

मराठ्यांवरचे पुस्तक त्यांनी लिहिले ते आयुष्याच्या अखेरीस. मराठ्यांशी झालेल्या लढाईत आईबाप मारले गेलेल्या एका इंग्रज बाळाला सोयरा नावाची मराठा दाई वाचवते, त्याच्या अंगाला रंग लावून आपल्या गावात मराठा मुलगा म्हणून वाढवते. मोठेपणी तो मुंबईला जाऊन इंग्रजी शिकतो आणि कंपनीच्या नोकरीत शिरतो. तिथे त्याचे खरे भांडवल कोणते, तर अस्खलित मराठी! आम्हाला हे वाचून गंमत वाटली आणि थोडे वाईटही वाटले. सोयराने शिकवलेली भाषा घेऊन तो तिच्याच माणसांविरुद्ध जातो, आणि लेखकाला त्यात काही खटकत नाही. १८०३ ची असईची लढाई पुस्तकात आहे, पण शिंद्यांच्या तोफांवर मेलेल्या गोलंदाजांच्या घरी काय झाले ते नाही. १८५७ वरच्या त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकात नानासाहेब पेशवे खलनायक आहेत, हे सांगायला नकोच.

त्यांच्या पुस्तकांत इतर देशांच्या आणि वर्णांच्या लोकांबद्दल जे शेरे आहेत ते आज कोणत्याही शाळेत मोठ्याने वाचवणार नाहीत. साम्राज्य म्हणजे चांगलेच, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मात्र आम्ही बडोदेकरांनी फार ताठ मानेने बोलावे असेही नाही. असईच्या आधीच, १८०२ साली, गायकवाडांनी कंपनीशी करार करून टाकला होता.

आम्हाला राहून राहून एकच प्रश्न पडतो. क्रिमियात भावाला गमावलेल्या, इस्पितळात औषधाविना तळमळणारे सैनिक पाहिलेल्या या माणसाने मुलांना सांगितलेल्या युद्धात आपला नायक जवळजवळ नेहमी सुखरूप घरी का येतो? कदाचित फ्रेडरिक आला नव्हता म्हणून. हा आमचा तर्क, त्यांनी तसे कुठे म्हटलेले नाही.

समुद्राचे त्यांना फार वेड. उतारवयात 'एग्रेट' नावाची स्वतःची शिडाची नौका घेऊन ते फिरत. १६ नोव्हेंबर १९०२ रोजी वेमथच्या बंदरात त्याच नौकेवर त्यांचा अंत झाला. नेल्सनच्या काळातल्या एका खलाशी मुलाची गोष्ट तेव्हा हातात होती. ती छापण्याजोगी करण्याचे काम त्यांच्या मुलाने केले. तोही सैन्यात कॅप्टन होता.