राजाचा घोडा आणि गावची म्हैस : शिल्पकार नानासाहेब करमरकर

जुन्या काळी ह्या वाटेवर घोडे बदलत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. त्यात खरे किती, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी ठरवावे. परंतु १९२८ साली शिवाजी महाराजांचा एक घोडा आपल्या बेलवलीजवळून गेला, तो रुळांवरून, आणि तो ब्राँझचा होता. मुंबईत ओतलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा रेल्वेने पुण्यास चालला होता. हा घोडा घडविणारे कलावंत म्हणजे कै. विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर.

नानासाहेबांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागजवळच्या सासवणे ह्या समुद्रकाठच्या खेड्यात झाला. घरी मातीचे गणपती होत असत. त्यामुळे मातीशी खेळणे हा त्यांच्या बालपणाचाच भाग होता. अवतीभवती नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळ्यांच्या होड्या आणि दारात गुरेढोरे. चित्रकलेचा शिक्षक नाही, पुस्तक नाही. ह्या मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड दौऱ्यावर आले असता त्यांची नजर त्या चित्रावर पडली. त्यांनी चित्रकार कोण याची चौकशी केली आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकण्याची वाट मोकळी करून दिली. देवळाची ती भिंतच नानासाहेबांचे प्रवेशपत्र ठरली!

मुंबईत त्या काळी एक प्रसिद्ध घोडा होता. शिल्पकार बोएम याने घडविलेला इंग्लंडच्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा १८७९ पासून शहरात उभा होता. बोएम हा प्राण्यांची शिल्पे करण्यातही नावाजलेला होता. गंमत अशी, की लोकांनी वरच्या युवराजाला लक्षातच ठेवले नाही. त्या भागाला नाव पडले ते काळा घोडा! १९६५ साली पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तरी नाव पुसले गेले नाही. शेवटी २०१७ साली त्या भागात पुन्हा घोडा उभारण्यात आला, आणि तोही स्वाराविना.

जे. जे. मधील शिक्षण संपल्यावर नानासाहेबांनी काही वर्षे कलकत्त्यास काम केले. पुढे ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल अकादमीत शिल्पकलेचा अधिक अभ्यास करून परतले. त्यानंतर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कसोटी आली.

पुण्यास शिवाजी महाराजांचे स्मारक व्हावे, ही कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची इच्छा होती. १९२१ साली कोनशिला बसली, पण १९२२ साली महाराज निवर्तले. राजाराम महाराजांनी ते कार्य पुढे चालविले आणि पुतळ्याचे काम नानासाहेबांकडे आले. पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंच, आणि तोही एकसंध ओतायचा!

अश्वारूढ पुतळ्यात खरी परीक्षा घोड्याची असते. स्वाराचा चेहरा लोक भक्तीने पाहतात. घोडा मात्र टांगेवाल्यापासून शिपायापर्यंत सर्वांच्या ओळखीचा. खांद्याचे हाड जरा चुकले, मान जरा आखूड झाली, की कोणीही बोट ठेवणार. शिवाय स्वाराचा आणि घोड्याच्या धडाचा सगळा भार त्या बारीक पायांवर तोलायचा. मोठे पुतळे सामान्यतः तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडतात. एकसंध ओतकामात साच्यात कोठे ओल राहिली किंवा रस मध्येच थिजला, तर सर्व श्रम वाया जातात. लिओनार्दो दा विंचीसारख्या महापुरुषाने मिलान शहरात प्रचंड घोड्याचा मातीचा नमुना उभा केला होता. परंतु १४९४ साली त्यासाठी जमविलेले ब्राँझ तोफांच्या कामी गेले आणि तो घोडा मातीचाच राहिला.

सासवण्याच्या ह्या शिल्पकाराचा घोडा मात्र ब्राँझचा झाला. मुंबईच्या माझगाव गोदीत ओतकाम पार पडले. मग तो अवजड पुतळा आगगाडीवर चढवून, घाटातल्या बोगद्यांतून सुखरूप पुण्यास पोहोचविण्यात आला. १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. नानासाहेबांचे वय तेव्हा अवघे छत्तीस वर्षांचे होते. आज शिवाजीनगरच्या लष्करी शाळेच्या आवारात तो घोडा ताठ मानेने उभा आहे.

एवढी कीर्ती मिळाल्यावर कलावंत मोठ्यांचेच पुतळे करीत राहिला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. थोर पुरुषांचे अनेक पुतळे नानासाहेबांनी केलेही. १९३० साली त्यांच्या ‘शंखध्वनी’ ह्या शिल्पास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. परंतु त्यांचे मन सासवण्यातच होते. तेथील घरी त्यांनी गावातली साधी माणसे घडविली, कोळीण घडविली, आणि म्हैससुद्धा घडविली!

आपल्याकडे म्हैस म्हणजे मंदपणाचे दुसरे नाव. उल्हास नदीच्या पाण्यात नाकापर्यंत बुडून बसलेल्या म्हशी आपण रोज पाहतो, पण तिचा पुतळा करावा असे कोणाच्या मनात येईल? घोड्याला राजाचा मान असतो. म्हशीला कोणाचाच नसतो आणि तिच्या शिल्पासाठी कोणी वर्गणीही जमवीत नाही. असे असता तिच्या कमरेची वर आलेली हाडे, मागे वळलेली शिंगे आणि डोळ्यांतला शांतपणा निरखायला तीच नजर लागते, जी छत्रपतींच्या घोड्याला लागली. मला वाटते, ही नजर लंडनमध्ये मिळालेली नव्हती. लंडनने हाताला शिस्त दिली, नजर मात्र सासवण्याच्या गोठ्यातली होती.

१३ जून १९६७ रोजी नानासाहेब निवर्तले. त्यांच्या राहत्या घराचे शिल्पालय झाले आहे आणि कुटुंबीयांनी तेथे दीडशेहून अधिक शिल्पे जतन केली आहेत. मांडवा बंदरावरून तेथे सहज जाता येते. आपल्या महाविद्यालयाची सहल एकदा तिकडे जावी.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आपणच पहिले कॉलेजात आलो. शिकायचे म्हणजे गावाकडचे सगळे मागे टाकायचे, असे आपल्याला नकळत वाटू लागते. नानासाहेबांचे चरित्र ह्याच्या उलट सांगते. त्यांनी विद्या दूरदेशीची घेतली आणि तिचा उपयोग दारातले जनावर नीट पाहण्यासाठी केला. खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर आजही मुले चित्रे काढीत असतात. तेथे थांबून, हे कोणी काढले म्हणून विचारणारा मात्र कोणीतरी हवा.