उघड्या दाराचा धर्मगुरू

लंडन पाहून आलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही पाहुण्याच्या फोटोंत ट्रॅफल्गार चौक हमखास असतो. मध्ये नेल्सनचा उंच स्तंभ, खाली ते चार ब्राँझचे सिंह आणि सिंहाला टेकून उभे असलेले आपले काका-काकू. पुढच्या वेळी असा फोटो हाती आला, तर त्याच्या कोपऱ्याकडे जरा निरखून पाहा. खांबांच्या रांगेवर उभा असलेला एक टोकदार मनोरा तिथे बहुधा दिसेल. ते सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स. या चर्चच्या पायऱ्यांवर संगीताच्या मैफिलीला आलेले रसिक दिसतात, थकलेले पर्यटक दिसतात आणि रात्र कुठे काढायची याची विवंचना असलेली माणसेही दिसतात. त्यांना तिथून कोणी हाकलत नाही.

हे सारे आपोआप घडलेले नाही. त्यामागे एका माणसाचा ध्यास आहे. त्याचे नाव ह्यू रिचर्ड लॉरी शेपर्ड. साऱ्या इंग्लंडने मात्र त्याला ‘डिक शेपर्ड’ याच लाडक्या नावाने ओळखले. आज ते नाव तिकडेही फारसे कोणाच्या ओठांवर नसते. पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये त्यांच्याइतके लोकप्रिय पाद्री दुसरे क्वचितच कोणी असतील.

शेतातले चर्च

आधी या चर्चच्या नावाची गंमत सांगायला हवी. ‘इन-द-फील्ड्स’ म्हणजे शेतांमधले. लंडन शहर आणि वेस्टमिन्स्टर या दोन वस्त्यांच्या मध्ये एके काळी खरोखरच मोकळी शेते होती आणि तिथे हे देऊळ उभे होते. आठव्या हेन्री राजाने १५४२ साली ते नव्याने बांधून घेतले. त्यामागे भक्तीपेक्षा भीतीच अधिक होती. प्लेगने दगावलेल्यांच्या प्रेतयात्रा आपल्या राजवाड्यावरून जाऊ नयेत, म्हणून त्याने त्या भागातल्या लोकांसाठी वेगळी पॅरिश आखून दिली. ज्या चर्चची पॅरिश माणसांना दूर ठेवण्यासाठी आखली गेली, तेच पुढे माणसांना जवळ घेण्यासाठी प्रसिद्ध व्हावे, हा काळाचा खेळच म्हणायचा!

आज दिसणारी इमारत जेम्स गिब्ज या वास्तुशिल्पीची. ती १७२६ साली पुरी झाली. ग्रीक मंदिरासारख्या दर्शनी खांबांच्या डोक्यावर उंच मनोरा ही कल्पना तेव्हा अनेकांना विचित्र वाटली होती. पण नंतर तिची नक्कल अमेरिकेपासून हिंदुस्थानापर्यंत झाली. चेन्नईचे १८२१ सालचे सेंट अँड्र्यूज चर्च ज्यांनी पाहिले असेल, त्यांना लंडनचे हे चर्च अगदी ओळखीचे वाटेल.

ज्या संताचे नाव या चर्चला आहे, त्या मार्टिनची कथाही मोठी बोलकी आहे. तो रोमन फौजेतला शिपाई. कडाक्याच्या थंडीत वेशीपाशी कुडकुडणारा भिकारी त्याने पाहिला आणि तलवारीने आपल्या अंगरख्याचे दोन तुकडे करून एक त्याला दिला. पुढे त्याने शस्त्रच खाली ठेवले. ही कथा लक्षात असू द्या. डिक शेपर्डच्या आयुष्यात ती दोनदा भेटते.

राजवाड्याच्या सावलीतून गरिबांच्या वस्तीत

डिकचा जन्म २ सप्टेंबर १८८० चा, विंडसरचा. वडील तिथल्या राजघराण्याच्या चर्चमध्ये धर्मगुरू. त्यामुळे राजवाड्याच्या आवारातच त्याचे बालपण गेले. शिक्षण मार्लबरो आणि केंब्रिजला. मुलगा खोडकर, हसरा आणि दुसऱ्याचे दुःख पाहून चटकन विरघळणारा. बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा इतर तरुणांसारखा तोही लढायला निघाला होता. पण स्टेशनकडे जातानाच गाडीला अपघात झाला आणि पायाला कायमची इजा झाली. युद्ध कायमचे बंद पाडण्यासाठी पुढे ज्याने जिवाचे रान केले, तो माणूस एके काळी युद्धावरच निघाला होता!

मग तो पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन या गरीब वस्तीत ऑक्सफर्ड हाउस या सेवाकेंद्रात गेला. दाटीवाटीची घरे, दारू, बेकारी हे सारे त्याने तिथे जवळून पाहिले. कॉस्मो लँग या बिशपांचा चिटणीस म्हणूनही त्याने काम केले. हे लँग पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. यथावकाश डिक शेपर्ड यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि ऑक्सफर्ड हाउसची सूत्रेही काही काळ सांभाळली. माणसांत बुडून काम करायचे, तब्येत पार ढासळेपर्यंत करायचे आणि मग अंथरूण धरायचे, हा त्यांच्या आयुष्याचा क्रम तेव्हापासूनच पडला.

१९१४ साली सेंट मार्टिनचे व्हिकर म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. चर्चची सूत्रे हाती घेण्याआधी शेपर्ड एका ऑस्ट्रेलियन रुग्णालयाबरोबर फ्रान्सला गेले. कोवळ्या वयाच्या जखमी सैनिकांच्या उशाशी त्यांनी रात्री जागवल्या. मरणाऱ्यांचे हात हातात घेतले. ती दृश्ये त्यांच्या मनातून जन्मभर पुसली गेली नाहीत.

कुलपे निघाली

ते परतले तेव्हा सेंट मार्टिन म्हणजे एक भव्य पण ओस वास्तू होती. आसपास वस्ती कमी, कचेऱ्या आणि नाटकगृहे जास्त. रविवारी तुरळक माणसे येत आणि उपासना संपली की दारे बंद होत. शेपर्ड यांच्या डोळ्यांसमोर मात्र वेगळेच चर्च होते. लंडनच्या अगदी चव्हाट्यावर हे घर उभे आहे. त्यावरून रोज हजारो माणसे जातात. त्यांतल्या कोणालाही कधीही आत यावेसे वाटले, तर दार उघडे मिळाले पाहिजे, एवढीच त्यांची साधी कल्पना होती. आत येणाऱ्याला धर्म विचारायचा नाही, कपडे पाहायचे नाहीत.

चेरिंग क्रॉस स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर. फ्रान्सच्या आघाडीवर जाणाऱ्या आणि तिथून रजेवर येणाऱ्या सैनिकांची तिथे सतत ये-जा असे. रात्री-अपरात्री उतरलेल्या, चिखलाने माखलेल्या त्या पोरांना कुठे जायचे हे कळत नसे. शेपर्ड यांनी चर्च रात्रभर उघडे ठेवायला सुरुवात केली. बाकांवर माणसे झोपू लागली. खालच्या तळघरात एके काळी प्रेते पुरली जात. तिथे आता जिवंत माणसांना ऊब मिळू लागली. युद्ध संपल्यावर सैनिकांची जागा बेकारांनी आणि बेघरांनी घेतली. त्यांतले कित्येक तर कालचे सैनिकच होते!

सभ्य मंडळींनी नाके मुरडली नसतील असे नाही. पण काही वर्षांतच चित्र पालटले. शेपर्ड बोलायला उभे राहिले की चर्चमध्ये पाय ठेवायला जागा उरत नसे. त्यांचे बोलणे म्हणजे प्रवचन नव्हे, शेजारच्या माणसाने दारात उभे राहून मारलेल्या गप्पाच. चर्चचे मासिकही त्यांनी असे काही सजवले की परगावचे लोकही त्याची वाट पाहू लागले.

६ जानेवारी १९२४ रोजी तर नवलच घडले. सेंट मार्टिनमधली उपासना बीबीसीने रेडिओवरून थेट ऐकवली. चर्चमधून असे प्रक्षेपण प्रथमच होत होते. आदल्याच वर्षी राजपुत्राच्या विवाहाचा सोहळा रेडिओवर देण्यास धर्ममंडळींनी नकार दिला होता. गुत्त्यात बसून लोक डोक्यावरची टोपी न काढता तो ऐकतील, ही त्यांची चिंता! शेपर्ड यांना तर नेमके तेच हवे होते. जो चर्चची पायरी चढत नाही, जो अंथरुणाला खिळला आहे, जो गुत्त्यात बसला आहे, त्याच्यापर्यंत जायचे. आता उघड्या दाराला भिंतीही उरल्या नाहीत. देशभरातून पत्रांचा ओघ सुरू झाला.

पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक धक्का दिला. महायुद्ध थांबले तो ११ नोव्हेंबर हा दिवस. त्या रात्री लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये नाचगाण्याचा मोठा जलसा होई. ज्या दिवशी लाखो घरांत रिकाम्या खुर्चीकडे पाहून डोळे पुसले जातात, त्या रात्री नाच कसले करता, असा सवाल त्यांनी १९२५ मध्ये वृत्तपत्रातून केला. जलसा पुढे ढकलावा लागला आणि त्याच सभागृहात शेपर्ड यांनी स्मरणाची प्रार्थना घेतली. आज अल्बर्ट हॉलमध्ये दरवर्षी होणाऱ्या स्मरणसोहळ्याचे मूळ त्या रात्रीत आहे.

दार उघडणाऱ्याचे घर

पण साऱ्या लंडनला ऊब देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात काय होते? दमा त्यांच्या पाचवीलाच पुजला होता. रात्रीच्या रात्री श्वासासाठी धडपडण्यात जात आणि सकाळी पुन्हा हसतमुखाने दारात उभे राहायचे! १९१५ साली ॲलिसन कार्व्हर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, दोन मुली झाल्या. पण जो माणूस सगळ्यांचा असतो, तो घरच्यांच्या वाट्याला किती येतो? आपल्याकडच्या समाजसेवकांच्या घरांनीही हा प्रश्न अनुभवला आहे. संसारातली दरी वाढत गेली.

तब्येतीपायी त्यांना १९२६ साली सेंट मार्टिन सोडावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक पुस्तक लिहून चर्चने श्रीमंती, मानमरातब आणि पंथांचे हेवेदावे सोडावेत असे खडसावले. तरीही १९२९ मध्ये त्यांना कँटरबरीच्या महामंदिराचे डीन नेमण्यात आले. तिथेही गर्दी लोटली, तिथेही प्रकृतीने दगा दिला आणि १९३१ मध्ये तेही पद गेले. १९३४ पासून ते लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये होते.

एक कार्ड पाठवा

संत मार्टिनने अंगरखा फाडला, तसे शेपर्ड यांनी दार उघडले. आता मार्टिनच्या कथेचा दुसरा भाग आला. शस्त्र खाली ठेवण्याचा! १९३२ मध्ये जपानने शांघायवर हल्ला केला, तेव्हा मॉड रॉयडन आणि हर्बर्ट ग्रे यांच्यासह त्यांनी एक विलक्षण प्रस्ताव मांडला. निःशस्त्र स्वयंसेवकांनी दोन्ही फौजांच्या मध्ये जाऊन उभे राहायचे! ते प्रत्यक्षात आले नाही. पण ऑक्टोबर १९३४ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांतून देशातल्या पुरुषांना एक आवाहन केले. ज्याला युद्धात कधीही भाग घ्यायचा नाही, त्याने तसे लिहून एक पोस्टकार्ड आपल्याला पाठवावे.

काही आठवड्यांतच सुमारे ३०,००० कार्डे आली. त्यातून १९३६ साली ‘पीस प्लेज युनियन’ ही संघटना उभी राहिली. आल्डस हक्स्ले, बर्ट्रांड रसेल यांच्यासारखी माणसे तिच्यामागे उभी राहिली. पहिल्या महायुद्धात प्रियकर आणि भाऊ गमावलेल्या लेखिका व्हेरा ब्रिटन शेपर्ड यांना ऐकून या चळवळीत आल्या. सभासदांची संख्या लाखावर गेली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रेक्टरच्या मानाच्या पदासाठी शेपर्ड यांना निवडून दिले. हरलेल्या उमेदवारांत एक नाव होते विन्स्टन चर्चिल! देशभर जल्लोष झाला. पण त्याच वर्षी पत्नी घर सोडून गेली होती. ३१ ऑक्टोबरला, निवडणुकीनंतर जेमतेम आठवड्याने, शेपर्ड आपल्या टेबलापाशी मृतावस्थेत आढळले. घरात ते एकटेच होते. वय अवघे सत्तावन्न.

त्यांचा देह सेंट मार्टिनमध्ये ठेवला गेला, तेव्हा अंत्यदर्शनासाठी हजारोंची रांग लागली. रात्रीही ती सरत होती. दार अर्थातच उघडे होते. कँटरबरीच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

हिशेब कसा मांडायचा?

दोनच वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले. कार्ड पाठवणाऱ्यांपैकी अनेकांनी गणवेश चढवला. हिटलरसारख्या राक्षसापुढे शांततेची शपथ भाबडी होती, इतकेच नव्हे तर तिने त्याचे फावले, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही. शेपर्ड जगले असते तर काय म्हणाले असते, हे कोण सांगणार? पण मरणाऱ्या पोरांचे हात ज्याने हातात घेतले, त्याने युद्धाला नाही म्हणावे, हे समजण्यासारखे आहे.

कार्डांची चळवळ युद्ध थांबवू शकली नाही. दार मात्र उघडेच राहिले. लंडनवर बॉम्ब पडत असताना त्याच तळघरात लोकांनी आसरा घेतला. १९६६ च्या डिसेंबरमध्ये बेघरांसाठीच्या ‘शेल्टर’ या संस्थेचा प्रारंभ इथेच झाला. इथल्या चिनी मंडळींची उपासना त्यांच्या स्वतःच्या भाषेत होते. २००८ साली चर्चचा मोठा जीर्णोद्धार पुरा झाला, तेव्हा पूर्वेकडची नवी खिडकी घडवली ती इराणमध्ये जन्मलेल्या शिराझे हौशियारी या कलावतीने. खाली एका छोट्या प्रार्थनागृहाला डिक शेपर्ड यांचे नाव आहे.

दरवर्षी नोव्हेंबरात इथे एक प्रार्थनासभा भरते. त्या वर्षी लंडनमध्ये बेघर अवस्थेत मरण पावलेल्यांची नावे एकेक करून वाचली जातात. काहींचे फक्त पहिले नाव ठाऊक असते. ज्यांना जिवंतपणी दार मिळाले नाही, त्यांची नावे तरी या छताखाली उच्चारली जातात.

तेव्हा काका-काकूंच्या त्या फोटोतला कोपऱ्यातला मनोरा पुन्हा एकदा पाहा. नेल्सनचा पुतळा फार उंचावर आहे. चर्चच्या पायऱ्या मात्र रस्त्यालाच लागून आहेत.