थोरले टॉम मॉरिस

थॉमस मिचेल मॉरिस ऊर्फ थोरले टॉम मॉरिस (जन्म : १६ जून १८२१, सेंट अँड्रूज, स्कॉटलंड, मृत्यू : २४ मे १९०८, सेंट अँड्रूज) हे स्कॉटिश गोल्फपटू, चेंडू व काठ्या बनवणारे कारागीर आणि गोल्फ मैदानांचे आद्य रचनाकार होते. इंग्रजीत ते ‘ओल्ड टॉम मॉरिस’ या नावाने ओळखले जातात. ओपन चॅम्पियनशिप ही स्पर्धा त्यांनी चार वेळा जिंकली. त्यांचा मुलगा टॉमी (‘यंग टॉम मॉरिस’) यानेही ती चार वेळा जिंकली.

प्रारंभीचे जीवन

मॉरिस यांचा जन्म एका विणकराच्या कुटुंबात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे उमेदवारी करू लागले. रॉबर्टसन हे त्या काळचे सर्वश्रेष्ठ खेळाडू मानले जात. मात्र त्यांचा चरितार्थ चालत असे तो चेंडूंच्या व्यवसायावर. कातड्याच्या लहान पिशवीत पिसे ठासून शिवलेले हे चेंडू महाग असत आणि भिजले की लवकर खराब होत. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून घडवलेला स्वस्त चेंडू बाजारात आला. रॉबर्टसन यांना त्यात आपल्या धंद्याचा शेवट दिसू लागला. मॉरिस यांनी तो चेंडू खेळात वापरल्यावरून दोघांत बेबनाव झाला आणि मॉरिस यांना दुकान सोडावे लागले.

प्रेस्टविक

१८५१ मध्ये जेम्स ओगिल्वी फेअरली यांच्या पुढाकाराने स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे नवा क्लब स्थापन झाला व मॉरिस यांना तेथे मैदानाची निगा राखण्याचे काम मिळाले. वाळूच्या टेकड्यांनी भरलेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी १२ होलचे मैदान आखले. त्यातील पहिलाच होल ५७८ यार्ड लांब होता. याच मैदानावर १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ व्यावसायिक खेळाडूंमध्ये पहिली ओपन स्पर्धा झाली. विली पार्क यांनी १७४ फटक्यांत ती जिंकली व १७६ फटक्यांसह मॉरिस दुसरे आले. पुढे १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ मध्ये ते विजेते ठरले. १८६२ मधील त्यांचा विजय १३ फटक्यांच्या फरकाचा होता. प्रमुख स्पर्धांमधील हा उच्चांक २००० साली टायगर वूड्स यांनी मोडला. १८६७ च्या विजयाच्या वेळी ते ४६ वर्षांचे होते. ओपनचे सर्वांत वयस्कर विजेते म्हणून त्यांचेच नाव आजही घेतले जाते.

टॉमी व कुटुंब

मॉरिस व त्यांची पत्नी नॅन्सी बेन यांचा पहिला मुलगा टॉम हा चार वर्षांचा असताना १८५० मध्ये वारला. पुढच्या वर्षी झालेल्या मुलाला त्यांनी तेच नाव दिले. हाच टॉमी. १८६८ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी त्याने ओपन जिंकली. १८६९ मध्येही तो पहिला आला. १८७० मध्ये सलग तिसऱ्या विजयाने स्पर्धेचा मानाचा पट्टा नियमाप्रमाणे कायमचा त्याच्या मालकीचा झाला. देण्यास बक्षीसच न उरल्यामुळे १८७१ मध्ये स्पर्धा भरली नाही. १८७२ ची स्पर्धाही त्यानेच जिंकली व नव्या चषकावर पहिले नाव त्याचेच कोरले गेले.

सप्टेंबर १८७५ मध्ये पितापुत्र नॉर्थ बेरिक येथे पार्क बंधूंविरुद्ध खेळत असताना टॉमीच्या पत्नीची प्रसूती अवघड झाल्याची तार आली. फोर्थच्या खाडीतून नौकेने ते घरी पोहोचले, तेव्हा आई व बाळ दोघेही दगावले होते. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टॉमीचे निधन झाले. तो २४ वर्षांचा होता. दुःखाने त्याचे हृदय विदीर्ण झाले, असे लोक अजूनही सांगतात. वैद्यकीय कारण मात्र फुप्फुसातील रक्तस्राव हे नोंदले गेले. त्याच्या स्मारकासाठी साठ गोल्फ संस्थांनी वर्गणी दिली. पुढच्याच वर्षी नॅन्सी वारल्या.

मैदानरचना

१८६५ पासून मॉरिस सेंट अँड्रूजच्या जुन्या मैदानाचे प्रमुख होते. त्यांनी काटेरी झुडपे काढून खेळाचे पट्टे रुंद केले आणि पहिल्या व अठराव्या होलसाठी नवी ग्रीन तयार केली. गवतावर वाळूचा थर पसरल्याने ते दाट वाढते हे त्यांनी हेरले व ही पद्धत सर्वत्र रूढ केली. रविवारी मैदानाला विश्रांती मिळालीच पाहिजे, यावर ते ठाम होते.

मैदान आखण्यासाठी ते दिवसाला एक पौंड व प्रवासखर्च घेत. जमीन पायी पाहायची, ग्रीनच्या जागी खुंट्या ठोकायच्या आणि पुढचे काम स्थानिकांवर सोपवायचे, अशी त्यांची रीत होती. माती हलवण्याची साधने नसल्याने निसर्गाने दिलेल्या चढउतारांचाच उपयोग करावा लागे. रॉयल डॉर्नॉक, मूरफिल्ड, आयर्लंडमधील लाहिंच व रॉयल काउंटी डाउन यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. मात्र यांपैकी बहुतेक मैदाने नंतरच्या रचनाकारांनी पुष्कळ बदलली. त्यामुळे आजच्या प्रत्येक होलचे श्रेय मॉरिस यांना देणे योग्य नाही. साउथ युइस्ट बेटावरील अस्कर्निश हे १८९१ चे मैदान तर वापराअभावी वाळूत हरवले होते. २००५ मध्ये त्याचा माग लागला व २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

डॉर्नॉकचे डोनाल्ड रॉस यांनी सेंट अँड्रूजला मॉरिस यांच्या हाताखाली काम केले आणि पुढे अमेरिकेत जाऊन पाइनहर्स्ट क्रमांक २ सह शेकडो मैदाने आखली. मॉरिस यांच्या विद्येचा वारसा कोणाकडे गेला असेल, तर तो अशा शिष्यांकडे, असे म्हणता येईल. घरात मात्र पुतण्या जॅक हा हॉयलेक येथे व्यावसायिक झाला आणि धाकटा मुलगा जेम्स हा १८७८ च्या ओपनमध्ये तिसरा आला. फेअरलींवरून ठेवलेले त्याचे पूर्ण नाव जेम्स ओगिल्वी फेअरली मॉरिस असे होते.

अखेरची वर्षे

जन्मतः अपंग असलेला जॉन १८९३ मध्ये, मुलगी लिझी १८९८ मध्ये आणि जेम्स १९०६ मध्ये मरण पावला. अशा रीतीने आपल्या सर्व अपत्यांचे मृत्यू मॉरिस यांना पाहावे लागले. २४ मे १९०८ रोजी सेंट अँड्रूजच्या न्यू गोल्फ क्लबमध्ये जिन्यावरून पडून वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वंश पुढे चालला तो लिझीच्या मुलींकडून. जुन्या मैदानाच्या शेवटच्या होलला ‘टॉम मॉरिस’ हेच नाव आहे आणि त्याच्या काठावर त्यांच्या दुकानाची इमारत आजही उभी आहे.