लोकहितवादी (गोपाळ हरी देशमुख)

रावबहादूर गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी (जन्म : पुणे, १८ फेब्रुवारी १८२३, मृत्यू : पुणे, ९ ऑक्टोबर १८९२) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखक, समाजसुधारक, इतिहासकार आणि इंग्रजी अमदानीतील न्यायाधीश होते.

जीवन

त्यांचे मूळ आडनाव सिद्धये होते. घराण्याकडे असलेल्या देशमुखीच्या वतनामुळे त्यांना देशमुख हे आडनाव मिळाले. वडील हरिपंत हे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी होते. पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी गोपाळरावांचा जन्म झाला. पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षण घेतल्यावर ते सरकारी नोकरीत शिरले. भाषांतरकारापासून आरंभ करून ते मुन्सफ, इनाम कमिशनमधील साहाय्यक अधिकारी आणि पुढे न्यायाधीश अशा पदांवर चढत गेले.

शतपत्रे

भाऊ महाजन यांच्या प्रभाकर या साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात त्यांनी लोकहितवादी या टोपणनावाने पत्रे लिहिली. ही पत्रे शतपत्रे म्हणून ओळखली जात असली, तरी त्यांची संख्या १०८ आहे. बालविवाह, विधवांची दुःस्थिती, जातिभेद, निरर्थक पाठांतर व आळस यांवर त्यांनी कठोर टीका केली. स्वतः ब्राह्मण असूनही ब्राह्मणवर्गाच्या दोषांना त्यांनी झाकले नाही. देशी मालाचा वापर आणि राज्यकारभारात एतद्देशीयांचा सहभाग यांचाही त्यांनी पुरस्कार केला. इंग्रजी राज्याकडे शिक्षणाची संधी म्हणून पाहण्याच्या त्यांच्या भूमिकेवर पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून प्रखर हल्ला चढवला.

गुजरातमधील कार्य

नोकरीनिमित्त त्यांचे बराच काळ अहमदाबादेत वास्तव्य होते. बदलीच्या गावी परका म्हणून न राहता त्यांनी गुजराती भाषा आत्मसात केली व तीत ग्रंथलेखन केले. तेथील प्रार्थना समाज आणि पुनर्विवाहाची चळवळ यांत ते सहभागी झाले. हितेच्छु या पत्रालाही त्यांनी साहाय्य केले. आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद सरस्वती यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता.

निवृत्तीनंतर

१८७९ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर त्यांची जिज्ञासा व लेखन यांना अधिकच वेग आला. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाचे सदस्य आणि रतलाम संस्थानाचे दिवाण म्हणून त्यांनी काम केले. लोकहितवादी नावाचे मासिकही काढले. लॉर्ड रिपन यांच्या काळात स्थानिक स्वराज्याचा विषय पुढे आला, तेव्हा ग्रामरचना आणि स्थानिक स्वराज्य व्यवस्था (दोन्ही १८८३) ही पुस्तके लिहून त्यांनी गावगाड्याची जुनी घडी व नवी व्यवस्था वाचकांसमोर मांडली. जातिभेद (१८८७) या पुस्तकात तरुणपणीच्या विषयाकडे ते पुन्हा वळले. गुजरात, सौराष्ट्र व लंका यांचे इतिहासही त्यांनी मराठीत आणले.

मूल्यमापन

पुण्यात १८४८ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. हेच ग्रंथालय आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाते. सरकारी चाकरीत राहून समाजाला परखड बोल सुनावणे ही त्यांच्या कार्याची विशेषता होती. सत्तेच्या आश्रयाने सुधारणेचा विचार करणे ही त्यांची मर्यादा मानली जाते. तथापि मराठी गद्यातील वैचारिक निबंधाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.