सीटी स्कॅनच्या अहवालातील ‘हाउन्सफील्ड’ कोण होते?

मूत्रपिंडाच्या कर्करोगावर उपचार सुरू असताना ठरावीक काळाने सीटी स्कॅन केला जातो. अहवालात गाठीच्या मापाबरोबर कधी कधी ‘एचयू’ असा आकडाही असतो. एचयू म्हणजे हाउन्सफील्ड युनिट. हे नाव इंग्लंडमधील अभियंता गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचे.

शेतावरचा मुलगा

हाउन्सफील्ड यांचा जन्म 1919 मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये झाला. ते पाच भावंडांत धाकटे. शेतावरील यंत्रे न्याहाळत ते वाढले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात रडारचे काम केले. पुढे ईएमआय कंपनीत संगणक बनवले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

सावलीऐवजी मोजमाप

साध्या एक्स-रेत सगळे अवयव एकमेकांवर पडलेल्या सावल्यांसारखे दिसतात. शरीराच्या एकाच छेदातून अनेक कोनांनी किरण सोडले, तर प्रत्येक बिंदूची घनता संगणकाने काढता येईल, असे त्यांना 1967 च्या सुमारास सुचले. पहिल्या प्रयोगात एका चित्राची माहिती गोळा करायला नऊ दिवस लागले. त्यांनी डुकराच्या मूत्रपिंडाच्या भागाचे छेदही तपासले. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. 1979 मध्ये अॅलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 2004 मध्ये त्यांचे निधन झाले.

हा आकडा तुम्हाला काय सांगतो?

या मापात पाणी 0, हवा उणे 1000. चरबीही शून्याच्या खाली असते. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठीचा आकडा बराच वाढला, तर तिला रक्तपुरवठा आहे असे समजते. टार्गेटेड औषधांनी काही गाठी फारशा लहान होत नाहीत; पण आतला भाग मृत झाल्याने त्यांचा आकडा उतरतो. त्यामुळे ‘माप तेवढेच’ हे वाचून लगेच खचून जाऊ नका. मात्र एका आकड्यावरून निष्कर्षही काढू नका. डॉक्टर माप, घनता आणि नवीन गाठी यांचा एकत्र विचार करतात.

स्कॅनला जाताना

- जुन्या स्कॅनच्या सीडी आणि अहवाल सोबत न्या; तुलना त्यांच्याशीच होते.
- शक्यतो एकाच केंद्रात, एकाच पद्धतीने स्कॅन करा.
- एकच मूत्रपिंड असेल, क्रिएटिनिन वाढलेले असेल किंवा कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगा. गरज पडल्यास डॉक्टर एमआरआयसारखा पर्याय सुचवतील.