हातची कामे आणि विल्यम कॅरी

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्यांना विल्यम कॅरी हे नाव परके वाटू नये. १८०५ साली कॅरी यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, ते पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, तर बंगालमध्ये, हुगळीकाठच्या श्रीरामपुरात.

१७६१ मध्ये इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील विणकर होते, पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. विल्यम जोडे शिवण्याचे काम शिकले आणि त्याच बैठकीवर बसून लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषांशी झगडू लागले. बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाल्यावरही संसार चालवण्यासाठी शिवणकाम आणि शाळा दोन्ही चालू राहिली. पुढे एका मेजवानीत कोणीतरी कुत्सितपणे त्यांच्या या धंद्याची आठवण काढली, तेव्हा आपण नवे जोडे करणारे नव्हतो, जुने दुरुस्त करणारे होतो, अशी त्यांनीच दुरुस्ती केली, असे सांगतात.

१७९३ च्या नोव्हेंबरात ते सहकुटुंब कलकत्त्यास उतरले. हाती पैसा नव्हता. माल्दा भागात मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याची देखरेख त्यांनी पत्करली. तिथेच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. पत्नी डोरोथी यांचे मन कायमचे बिघडले आणि १८०७ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत ते सावरले नाही. या बाईंना मुळात घर सोडायचे नव्हते. पतीच्या ध्येयाची किंमत त्यांनी मोजली, हे चरित्रकारांनी झाकू नये.

१८०० मध्ये कॅरी डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरास आले. जोशुआ व हॅना मार्शमन निवासी शाळा पाहत, विल्यम वॉर्ड छापखाना, आणि पंचानन कर्मकार अक्षरांचे ठसे कोरीत. सर्वांची मिळकत एकाच कोशात जमा होई. कॅरी फोर्ट विल्यम महाविद्यालयात बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवू लागले. पगार पाचशेचा पुढे हजार रुपये झाला, तरी घरखर्चापुरते ठेवून उरलेला कोशातच जाई. दर आठवड्याला नावेने कलकत्त्याची फेरी, दिवसा अध्यापन, मग मुद्रिते तपासणे. वैद्यनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे काम चाले. १८१० चा मराठी कोश मोडी लिपीत छापला गेला. बायबलचे मराठी भाषांतर आज वाचताना अवघड वाटते, त्यात परकेपणा जाणवतो. पण मराठी गद्याची छापील वाट तेव्हा मळलेलीच नव्हती.

११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि कॅरी यांच्या वर्षानुवर्षांच्या परिश्रमाची हस्तलिखिते जळाली. त्यांत अनेक भारतीय भाषांच्या शब्दांचा मोठा कोशही होता. कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते. मार्शमन यांनीच बातमी नेली. राखेत पोलादी ठसे शाबूत सापडले, वितळलेल्या धातूतून खिळे पुन्हा ओतले गेले, आणि पन्नाशीतल्या कॅरी यांनी गेलेली भाषांतरे नव्याने हाती घेतली.

झाडे हा त्यांचा जुना छंद. १८२० मध्ये त्यांच्या पुढाकाराने कृषि-उद्यान संस्था स्थापन झाली. १८२९ च्या डिसेंबरात सतीबंदीचा कायदा बंगालीत भाषांतरासाठी त्यांच्याकडे आला तो रविवारी. विलंबाने एखादी स्त्री चितेवर जाईल, या जाणिवेने त्यांनी प्रवचन दुसऱ्यावर सोपवले आणि पंडिताला घेऊन संध्याकाळपर्यंत काम पुरे केले.

अखेरच्या आजारपणात चालवेना, तेव्हा लोक त्यांना खुर्चीवरून बागेत नेत. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच त्यांचे निधन झाले. थडग्याच्या दगडावर कोणतीही स्तुती कोरू नये, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.